चौथी हाक

बोडीटोला, पो. कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय शुभांगी,

हे पत्र तुझ्या प्रकाशकाच्या पत्त्यावर टाकते आहे. तुझा पत्ता माझ्याकडे कुठून असणार? मी दीपमाला, परसराम रामटेक्यांची मुलगी. चौथीत तुझ्या शेजारच्या पट्टीवर बसायची आणि तुझी पेन्सिल कुरतडायची, ती. आता कोंढ्याच्या डाकघरात पोस्टमास्तर आहे. आमच्याकडे हल्ली पार्सलं येतात आणि पासबुकं येतात. पत्र कोणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच आपलं दुकान चालवावं.

माझी मुलगी प्रतीक्षा नागपूरला शिकते. दिवाळीला येताना तिनं तुझी कादंबरी आणली. ‘पाळीखालचं राज्य’. मागच्या पानावर तुझा फोटो आणि ‘बालपण भंडारा जिल्ह्यात’ एवढी एकच ओळ. नाक बघून ओळखलं. चारशे बारा पानं मी चार दिवसांत संपवली. गिऱ्हाईक खिडकीशी उभं आणि मी तीनशे वर्षांपूर्वीच्या तुझ्या राजाबरोबर, अशी गत झाली होती.

बाई गं, काय लिहिलंस! दर पावसाळ्यात फुटणारी तलावाची ती मातीची पाळ, तिच्या पोटात राज्य करणारी राणी, आणि तिच्यासाठी हाका देऊन माणसं बोलावणारा तो पाणबुड्या. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, भूतखेत आम्ही मानत नाही. तरी दोन दिवस भर दुपारी विहिरीवर जाताना मी मागे वळून पाहत होते. तोंडात चिखल भरलेली ती मुलगी, जिला ‘थांब’ म्हणायचं असतं आणि म्हणता येत नाही, ती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुडूमही किती नीट समजावलास. तलावातली ती दगडी विहीर, बुडी मारून काढायचा लाकडी दट्ट्या, मग पाळीखालच्या मोरीतून शेताकडे सुटणारं पाणी. शहरातल्या माणसालाही कळेल.

आता तक्रारी. हाडांच्या घोडेस्वारांची लढाई तीन प्रकरणं चालते, मला दोनदा डुलकी लागली. आपल्या भागातली माणसं पुण्याच्या सभेत बोलल्यासारखी बोलतात. आणि तुझा पाणबुड्या आमच्या वस्तीतला निघाला, तोही राणीचा गुलाम, हे मला बोचलं. आपल्या तलावावर दट्ट्या काढायला माझा बापच बुडी मारायचा, हे तुला आठवत असेलच.

त्या दिवसाबद्दल मी फार लिहिणार नाही. तुझी धाकटी बहीण रुखमी मोरीत वाहून गेली. तुमच्या घरचे म्हणाले, परसरामनं हाक न देता पाणी सोडलं. बाबा म्हणाले, दिली होती. पंचांनी बाबांना तुडुमावरून काढलं, आठवड्यात तुझ्या घरच्यांनी तुला मावशीकडे नाशिकला धाडलं. आपण तेव्हा नऊ वर्षांच्या होतो. यात तुझा-माझा काय दोष?

एक चूक मात्र दुरुस्त कर. मोरीत कोणी असलं तर बाहेर यावं म्हणून पाणी सोडण्याआधी हाका तीनच देतात. खाली जो असेल त्यानं ‘थांब’ म्हणायचं. हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. तुझ्या चौदाव्या प्रकरणात पाणबुड्या चार देतो. पुढच्या आवृत्तीत तीन कर.

बाबांची नजर काचबिंदूनं गेली. डाकघर बंद झालं की दुपारी अंगणात बसून त्यांना हे पुस्तक वाचून दाखवायचं म्हणते.

तुझी,
दीपमाला

——

नाशिक
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय दीपा,

पेन्सिल तू कुरतडायचीस आणि मार मी खायचे! पाकिटावर कोंढ्याचा शिक्का पाहिला आणि ते उघडायला मला अर्धा दिवस लागला. आनंदानंच, असं समज.

कितीतरी लोकांनी पुस्तकाबद्दल लिहिलं, पण ‘शहरातल्या माणसालाही कळेल’ ही पावती मला सगळ्यांत मोठी वाटली. घोडेस्वारांबद्दल तुझं म्हणणं कबूल. बोलण्याबद्दलही कबूल. नऊ वर्षांची असताना सुटलेली बोली, लिहायला बसले की हात आखडतो. पाणबुड्याबद्दल मात्र एवढंच म्हणेन की तो माझ्या लेखी खलनायक नाही. पुन्हा वाचशील तेव्हा कदाचित दिसेल.

चौथ्या हाकेचं काय सांगू? तीन हाका जिवंतांसाठी आणि चौथी मेलेल्यांसाठी, अशी कल्पना सुचली. गोष्टीला ती हवी होती. लिहिणाऱ्याला एखादी हाक जास्त द्यायची मुभा असते, नाही का?

काकांची नजर गेली हे वाचून वाईट वाटलं. एक विनंती करू? त्यांना वाचून दाखवच, पण चौदावं प्रकरण गाळ. त्यात फार रक्तपात आहे, त्यांच्या वयाला नको. माझी आई, कुंताबाई, हल्ली लाखनीला भूपेंद्रकडे असते, चुलतभावाकडे. तिलाही मी ते पुस्तक दिलेलं नाही.

तुझी,
शुभांगी

——

बोडीटोला
१ डिसेंबर २०२४

प्रिय शुभांगी,

वाचन जोरात चालू आहे. आम्ही दोघंच बसणार होतो, आता शेजारची पुष्पाबाई तांदूळ निवडायचं सूप घेऊन येते आणि एक दाणाही निवडत नाही. काल राणीचा दरबार वाचला. पाण्याखाली बांगड्यांचा आवाज येतो तिथं पुष्पाबाईनं स्वतःच्या बांगड्या हातानं धरून ठेवल्या. याहून मोठं बक्षीस तुला कोण देणार?

बाबा तर मास्तर झाले आहेत. पाळीला माती कुठली टाकली, ती तुडवायला बैल किती, सगळं तपासून घेतात. ‘पोट्टीनं ध्यानात ठेवलं बरं,’ म्हणाले. हाडांचे घोडेस्वार आले तेव्हा मात्र थांबवलं मला. ‘त्या घोड्याईले पोट नाई, आतडं नाई. मंग ते चारा खाते कायले?’ तू लिहिलं आहेस खरं की घोडे पाण्याखालचं गवत खात होते. याचं उत्तर तुझ्याकडे मागते. तुला सुचलं तर कळव.

पाणबुड्याचं वर्णन आलं की मीच चाचरते. मी आवाज बारीक केला तर बाबा म्हणाले, ‘मोठ्यानं वाच. माह्याच धंद्याचा मानूस हाये तो.’ त्यांना तो आवडला आहे. पाण्यात गेल्यावर कान कसे दडपतात, ते लिहिलं आहेस त्यावर किती वेळ बोलत होते. चाळीस वर्षांत बाबा तलावाबद्दल माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते. त्यासाठी तुझे आभार, अगदी मनापासून.

आणि हो, तू चौदावं गाळ म्हणालीस म्हणून मी ते आधी दोनदा चाळून पाहिलं. त्यात रक्ताचा एक थेंब नाही. रक्त अकराव्यात आहे, सतराव्यात आहे. चौदाव्यात नुसती झुडपामागे लपलेली मुलगी आहे आणि हाका आहेत. लेखिकाबाई, स्वतःचंच पुस्तक विसरलात की काय? आम्ही पुढच्या आठवड्यात वाचणार.

दीपमाला

——

बोडीटोला
९ डिसेंबर २०२४

शुभांगी,

चौदावं वाचलं.

पहिली हाक, दुसरी, तिसरी. मग तू लिहिलं आहेस की पाणबुड्या दट्ट्याकडे वळला, पुन्हा मागे फिरला आणि चौथ्यांदा ओरडला. तिथं बाबांनी हात वर केला. ‘पुन्हा वाच,’ म्हणाले. मी वाचलं. ‘पुन्हा.’ तीनदा वाचायला लावलं. पुष्पाबाईला घरी पाठवलं. मग विचारलं, ‘चार लिहिलं हाये? तिनं स्वतः लिहिलं, का छापनाऱ्यानं?’

मी म्हटलं, तिनंच, गोष्टीला हवी म्हणून. बाबांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग जे बोलले ते तसंच लिहिते.

‘त्या दिवशी मी चार हाका देल्या होत्या. कोनालेच सांगतलो नाई. पंचाईनं इचारलं, किती? मी म्हनलो तीन. चार म्हनलो असतो तं म्हनले असते, याले मोजता येत नाई, म्हंजे यानं एकबी देली नसन. तुह्या मायले, बायजालेबी सांगतलो नाई. ती गेली तरी नाई सांगतलो. मंग देवाजीच्या पोरीले, शुभांगीले, कसं माहीत?’

 याचं उत्तर तुझ्याकडेच असेल. तू त्या दिवशी तिथं होतीस का? एका शब्दात लिहिलंस तरी चालेल.

दीपमाला

——

(पोस्टकार्ड)
३ जानेवारी २०२५

शुभांगी, टपाल कुठे अडतं आणि कुठे अडत नाही हे मला शिकवू नकोस. माझं पत्र तुला पोचून पंधरा दिवसांवर झाले. बाबा रोज दुपारी विचारतात, ‘आलं का?’ पुस्तक चौदाव्यातच थांबलं आहे. ते पुढे वाचू देत नाहीत.

दी.

——

नाशिक
८ जानेवारी २०२५

दीपा,

होते.

त्या रविवारी मी आणि रुखमी लपाछपी खेळत होतो. मोरीकडे जायची बंदी होती, म्हणून तिथंच गेलो. ती सहा वर्षांची, अंगानं बारीक, मोरीच्या तोंडात पाय पोटाशी घेऊन बसली. मी समोर बेशरमाच्या झुडपात. ज्यांच्यावर डाव होता त्या मुली आम्हाला शोधत शेताकडे गेल्या होत्या.

काकांची पहिली हाक आली. ‘पानी सुटते होऽऽ!’ मला वाटलं, उठलो तर पाळीवरून ते बघतील, बाबांना सांगतील आणि मार बसेल. दुसरी आली, तिसरी आली. रुखमीनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मोठे केले. मला हसू फुटलं. मोठ्यानं हसले मी. मग सगळं शांत झालं. आणि चौथी हाक आली. मी तोंड उघडलं होतं दीपा, ‘थांब’ म्हणायला. पण मला मार आठवला. मी तोंड मिटलं.

पुढचं तुला माहीत आहे.

घरात माणसं जमली होती, आई जमिनीवर लोळत होती. बाबांनी मला कोपऱ्यात नेऊन विचारलं, ‘हाक देली होती का परसरामनं? ऐकली का तू?’ मी म्हटलं, ‘नाई.’ एवढा एकच शब्द. माझे बाबा, देवाजी, त्याच एका शब्दाच्या बळावर पंचांपुढे बोलले. मी तिथं होते हे त्यांना माहीत होतं. म्हणून तर मला नाशिकला पाठवलं, की मला कोणी विचारू नये. मला वाटतं त्यांना शंका होती. मरेपर्यंत त्यांनी तो विषय माझ्यापाशी कधीच काढला नाही.

मी ही कादंबरी सात वर्षं लिहिली. तीनशे वर्षं मागे नेली, राजा आणला, राणी आणली. हाडांचे घोडेस्वारही त्याचसाठी. माझं मलाच ठाऊक होतं की ती तीन प्रकरणं रटाळ आहेत. मला वाटलं, एवढा गोंगाट केला तर झुडपामागची मुलगी कोणाला दिसणार नाही. तोंडातला चिखलही मीच भरला. खऱ्या मुलीच्या तोंडात काहीच नव्हतं. तिला बोलता येत होतं.

हाका मात्र मला तीन करता आल्या नाहीत. दोनदा खोडून पाहिल्या. तेवढं एक तरी खरं राहू दे असं वाटलं, आणि कोणाच्या लक्षात येणार नाही असंही वाटलं.

हे पत्र काकांना वाचून दाखव. काही गाळू नकोस.

शुभांगी

——

बोडीटोला
१५ जानेवारी २०२५

शुभांगी,

वाचून दाखवलं. काही गाळलं नाही.

आधी माझं ऐक. मला तुझा संताप आला आहे. मी सगळी शाळा ‘पाणी सोड्याची पोर’ म्हणून काढली. लग्नाच्या मांडवात बाबा आले की बायका आपली लेकरं जवळ ओढायच्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यानंतर बाबा पोहायलाही कधी उतरले नाहीत. एका ‘नाई’साठी. नऊ वर्षांच्या पोरीला मी माफ करीन, पण एकोणतीस वर्षांची होतीस, एकोणचाळीसची झालीस, तेव्हा काय झालं होतं? तेव्हा तर मार बसणार नव्हता.

आणि तरी ते पुस्तक मला आवडतं. हीच तर पंचाईत आहे. काल रागानं ते धान्याच्या कोठीवर फेकलं आणि तासाभरानं कव्हर मुडपलं का ते बघायला गेले.

आता बाबा. त्यांनी सगळं ऐकून पहिल्यांदा काय विचारलं, ठाऊक आहे? ‘म्हंजे हसली ते शुभांगी व्हय?’

त्यांनी ते हसणं ऐकलं होतं. म्हणून चौथी हाक दिली. मग वाटलं, घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हसल्या असतील, आणि बुडी मारली. ‘मी खाली उतरून पाहून यायले पायजे होतं. दहा पावलं होती. म्हनून मी पंचाईशी भांडलो नाई. हाक देली, हे खरं. पन हसनं आयकलो, हेबी खरं.’ चाळीस वर्षं हा माणूस ते एकट्यानं घेऊन बसला होता. मी त्यांची लेक, मलाही माहीत नव्हतं.

तुझी माफी त्यांना नको आहे. ते म्हणाले, ‘कागदावर माह्यापाशी बोलून काय फायदा? मले तं पयलेच माहीत होतं मी हाक देली. ज्याईले माहीत नाई त्याईले सांग म्हना.’ सव्वीस जानेवारीला आपल्या गावची ग्रामसभा आहे. झेंडा झाला की शाळेच्या मैदानात बसते. यायचं असेल तर ये. यायचं नसेल तर तसं लिही, म्हणजे मी त्यांना वाट बघायला लावणार नाही.

दीपमाला

——

नाशिक
२० जानेवारी २०२५

दीपा,

येते. पंचवीसला आधी लाखनीला उतरेन. आईला मी सांगितल्याशिवाय ते गावाच्या तोंडून कळायला नको. रुखमीचं नाव निघालं की ती अजून काकांना शिव्या देते. ती मला घरात ठेवेल की नाही, माहीत नाही. तिनं नाही ठेवलं तर तुझ्याकडे एक रात्र राहू का? नाही म्हटलंस तरी मी येणारच आहे.

शुभांगी

——

बोडीटोला
५ फेब्रुवारी २०२५

शुभांगी बाईले परसराम रामटेकेचा जयभीम.

मी सांगून राहिलो अन् दीपमाला लिहून राहिली. तिले म्हनलो, माह्या बोलन्यात सुधारना करू नको. जसं बोलतो तसं लिही.

तू सभेत बोलली तेव्हा माइक शिट्ट्या मारत होता, तरी सारं आयकू आलं. ‘परसरामकाकानं हाक दिली होती, चार वेळा. मी ऐकली. मी खोटं बोलली.’ एवढंच बोलली अन् बसली. बरं केलं. जास्त बोलली असती तं लोक रडन्यात गेले असते अन् मुद्दा राहून गेला असता. भैयाजी आता नव्वदीचा हाये, तवाच्या पंचाईतला तोच एक उरला. तो काठी टेकत उठला अन् माह्याकडं आला. म्हने, ‘परसराम, तवा आमी तुले बोलूच देलो नाई.’ मी म्हनलो, आता आयकलं ना, झालं.

तू त्याच दिवशी गाडीनं गेली म्हनून पुढचं तुले माहीत नाई. गेल्या गुरवारी दुपारी तुही माय आली. भूपेंद्रनं मोटारसायकलवर आनलं. मले दिसत नाई, पन कुंताबाईचं खाकरनं मी वळखतो. अंगनात उभी राह्यली. मले वाटलं, शिव्या देईन. मी तयार बसलो. ती म्हने, ‘तिले बाहेर तुमीच काढलं होतं ना?’ मी म्हनलो, व्हय. मंग म्हने, ‘मले तवा पाहूच देलं नाई कोनी. कशी होती ते सांगा.’

चाळीस वर्सं झाली, तिले हे इचाराचं होतं. अन् इचारनार कोनाले? मलेच. माह्याशी तं बोलाचं नव्हतं.

मी सांगतलो. डोळे मिटले होते. फ्राकचं एक बटन तुटलं होतं, बाकी कुठं खरचटलंबी नव्हतं. केसाची रिबन मोरीच्या दगडाले अटकली होती, ते मी सोडवून पुन्हा बांधली होती, मले जशी जमली तशी. कुंताबाई म्हने, ‘झाकून नेलं तिले, पन केसाची ते गाठ तेवढी मले दिसली होती. मी म्हनली, अशी गाठ तं मी बांधत नाई.’ मंग बसली अन् रडली. दीपमालानं चहा केला. जाताना म्हने, शुभांगीशी मी अजून बोलनार नाई. मी म्हनलो, नका बोलू, पन तिचं पुस्तक आयकून पाहा. घोडे आले का उठून पानी पिऊन या.

त्यानंतर आमी पुस्तक पुरं केलं. शेवटी पोरगी स्वतःच्या बोटानं तोंडातला चिखल काढते, ते दीपमालाले वाचता येईना. मी म्हनलो, दम घे, मंग वाच. पुस्तक लय चांगलं हाये. भेव वाटते अन् पुढचं आयकावंसंबी वाटते. पुष्पाबाई इचारून राहिली, दुसरं कवा येते. रानी मले आवडली नाई, ते उगाच आरडते. पानबुड्या मले आवडला. त्याच्यावर दया करू नको, पुढच्या खेपेले त्याले थोडं हसव. आमी तलावावर लय हसत होतो.

अन् एक सांगाचं राह्यलं. दीपमालानं तुले पयल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, पुढच्या छपाईत तीन कर म्हनून. तिचं आयकू नको. ते तवा तिथं नव्हती. चारच ठेव.

परसराम
(अंगठा त्यांचाच. खाली एक ओळ माझी: मेमध्ये सुट्टी काढून ये. तुझी पेन्सिल कुरतडायची राहिली आहे. – दीपा)